नागपुरात नव्याने आलेल्या ख्रिस्ती कुटुंबांसाठी: मंडळीच्या पंगतीविषयी

तेव्हाच्या अहमदनगर (आताच्या अहिल्यानगर) जिल्ह्यातील आमचे गाव सोडून आम्ही नागपुरात आलो, त्याला आता सव्वीस वर्षे झाली. भाड्याचे घर, मुलांची शाळा, उन्हाळ्यातले पाणी यांविषयी सांगणारे तुम्हांला पुष्कळ भेटतील. मला सांगायचे आहे ते मंडळीच्या पंगतीविषयी, कारण या शहरात आम्ही रुजलो ते त्या पंगतीत बसूनच.

सदर भागात ऑल सेंट्स कॅथेड्रल आणि कॅथलिकांचे सेंट फ्रान्सिस डी सेल्स कॅथेड्रल अशी दोन्ही मोठी चर्चे आहेत. 29 नोव्हेंबर 1970 रोजी सहा वेगवेगळ्या मंडळ्या एक होऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना झाली, तीही नागपुरातच. मिशनरी स्टीफन हिस्लॉप 1845 साली येथे आले तेव्हापासूनच्या स्कॉटिश मिशनच्या परंपरेतील घराणी आणि अँग्लिकन परंपरेतील घराणी त्यामुळे आज एकाच मंडळीत आहेत. तुम्ही कोठून आलात हे कोणी विचारले, तर त्यात चौकशीपेक्षा आपुलकी अधिक असते, असा माझा अनुभव आहे.

प्रभुभोजन, म्हणजे उपासनेतील भाकर आणि द्राक्षारसाचा विधी, आणि उपासनेनंतरचे सहभोजन यांतला फरक मात्र ध्यानात ठेवावा. प्रभुभोजनात कोणी सहभागी व्हावे याचे नियम प्रत्येक मंडळीत वेगळे आहेत, म्हणून पहिल्या रविवारी पाळकसाहेबांना किंवा फादरांना आधी भेटून विचारावे. सहभोजनाला असा कोणताही नियम नाही. तेथे संकोचाने दाराशी थांबू नये. आम्ही पहिले दोन महिने उपासना संपताच घरी निघून जात होतो, आणि लोक आपल्याशी बोलत नाहीत असे मानून मनातल्या मनात कष्टी होत होतो. एके दिवशी एका वृद्ध बाईंनी माझ्या पत्नीचा हात धरून तिला पंगतीत आपल्या शेजारी बसवले, आणि तेव्हापासून आम्ही घाईने निघून जाणे सोडले.

आठवड्यातील प्रार्थनासभा घरोघरी आळीपाळीने होतात, आणि याविषयी मला थोडे आग्रहाने सांगायचे आहे. तुमची पाळी आली की चहा आणि पोहे करा. येथल्या रीतीप्रमाणे त्यावर चण्याची तर्री घातली तर उत्तमच. उत्साहाच्या भरात मटणाचा बेत करू नका. एका घरी मोठे जेवण झाले की दुसऱ्या घरी त्याहून कमी करणे अवघड वाटू लागते, आणि मग ज्याची कमाई थोडी आहे तो आपली पाळी टाळतो, पुढे सभेलाही येईनासा होतो. हे मी दोन कुटुंबांच्या बाबतीत पाहिले आहे आणि त्याचे दुःख अजून गेलेले नाही. करिंथच्या मंडळीत काही जण आधीच जेवून तृप्त होत आणि काही उपाशी राहत, तेव्हा पौलाने त्यांना प्रभूच्या मेजाच्या संदर्भातच फटकारले आणि जेवायला जमाल तेव्हा एकमेकांसाठी थांबा असे सांगितले. पाहुणचार किती करावा याचे माप आपण त्या सभेतल्या सर्वांत गरीब घरावरून घ्यावे.

हंगामाच्या सणाला लोक धान्य, भाजी, फळे अर्पण करतात आणि अनेक ठिकाणी उपासनेनंतर त्यांचा लिलाव होतो. लिलावात घेतलेला भोपळा शेजाऱ्यांबरोबर वाटून खावा. उपवासकाळात कोणाला जेवायला बोलावताना ते मांसाहार करतात का हे आधी विचारावे. शेजारी केरळचे सिरियन ख्रिस्ती कुटुंब असेल, तर उत्तम शुक्रवारच्या आदल्या रात्री त्यांच्या घरी पेसहा अप्पम नावाची बिनखमिराची भाकरी मोडली जाते. ती त्यांच्या घरातली प्रार्थना असते, म्हणून बोलावले तरच जावे. एप्रिल-मेमध्ये सहभोजनाला दह्याचे किंवा खोबऱ्याचे पदार्थ नेऊ नयेत, कारण येथल्या उन्हात उपासना संपेपर्यंत ते आंबतात; कोरडी चटणी-भाकरी आणि पन्हे नेणे बरे.

घर लागले की महिनाभरात पाळकसाहेबांना घरच्या प्रार्थनेसाठी बोलवा आणि त्यांच्याबरोबर मंडळीतील एखाद्या एकट्या राहणाऱ्या विद्यार्थ्याला किंवा परिचारिकेलाही सांगा. भांडी पुरेशी नसतील तर शेजारून मागून आणा. आमच्या पहिल्या जेवणाची सहा ताटे त्याच वृद्ध बाईंच्या घरून आली होती.