गच्चीवरून ग्रह बघताय? या चुका टाळा

नवी दुर्बीण घरी आली त्याच रात्री मी बिल्डिंगमधल्या सात-आठ जणांना गच्चीवर बोलावून गुरू दाखवला. भलीमोठी पांढरी तबकडी आणि मधोमध काळं भोक. सगळे "वा वा" करून खाली गेले. भोक कशाचं, हे मला दोन दिवसांनी कळलं. दुर्बीण आरशाची होती, फोकस पार सुटलेला होता आणि ते भोक म्हणजे नळीतल्या छोट्या आरशाची सावली होती. गुरूचं म्हणाल तर आम्ही त्याला पाहिलाच नव्हता.

ही चूक जवळपास प्रत्येक जण करतो, कारण मोठं दिसलं की बरोबर दिसलं असं आपल्याला वाटतं. फोकसचं गणित नेमकं उलटं आहे. नॉब फिरवताना चकती फुगत गेली तर उलट्या बाजूला फिरवा. ती लहान लहान होत जाईल, कडा धारदार होईल. सगळ्यात लहान झाली की थांबा. आता गुरूच्या आजूबाजूला साधारण एका रेषेत बारीक ठिपके दिसतील. 1610 च्या जानेवारीत गॅलिलिओला दिसलेले गुरूचे चार चंद्र ते हेच. चारांऐवजी तीनच दिसले तर दुर्बिणीत खोट शोधू नका, एखादा गुरूच्या पुढे किंवा मागे असतो. या चारांतला सगळ्यात आतला आयो साडेबेचाळीस तासांत एक फेरी मारतो, त्यामुळे दुसऱ्या दिवशी मांडणी बदललेली असतेच.

दुसरा सापळा खोक्यावर छापलेला असतो. माझ्या खोक्यावर 675 पट मोठं दिसतं असं लिहिलं होतं. हिशोब सोपा आहे: दुर्बिणीचं नाभीय अंतर (आरशापासून प्रतिमा जुळते तिथपर्यंतचं अंतर) भागिले आयपीसचं, म्हणजे डोळा लावतो त्या भिंगाचं. माझ्या दुर्बिणीचं ते 900 मिलिमीटर, म्हणजे 25 मिलिमीटरच्या आयपीसने 36 पट आणि 10 च्या आयपीसने 90 पट. 4 चं आयपीस आणि वर प्रतिमा तिप्पट करणारं बार्लो नावाचं जोडभिंग लावलं की 675 भरतात खरे, पण दिसतो फक्त थरथरणारा धुरकट गोळा. आरशाचा व्यास मिलिमीटरमध्ये घ्या, त्याची दुप्पट ही वरची मर्यादा. माझा आरसा 114 चा, म्हणून मर्यादा 228. आपल्याकडच्या हवेत दीडशेच्या पुढे क्वचितच काही हाती लागतं. सुरुवात नेहमी 25 च्या आयपीसने करा, ग्रह मधोमध आणा आणि मगच 10 चं लावा.

"आत्ता होता, कुठे गेला?" हेही गच्चीवर हमखास ऐकू येतं. पृथ्वी फिरतेय, म्हणून 90 पटीला ग्रह दोनेक मिनिटांत चौकटीबाहेर सरकतो. पुढच्याने डोळा लावण्याआधी पुन्हा मध्यावर आणायचा, एवढंच. मुळात सापडतच नसेल तर दोष बहुधा फाइंडरचा, म्हणजे नेम धरायला वर बसवलेल्या छोट्या दुर्बिणीचा. तो रात्री जुळवत बसू नका. दिवसा लांबची पाण्याची टाकी किंवा टॉवरचं टोक मोठ्या दुर्बिणीत धरा आणि फाइंडरचे स्क्रू फिरवून तेच टोक त्याच्याही मध्यावर आणा. मात्र दिवसा दुर्बीण सूर्याकडे वळता कामा नये. एका क्षणात डोळा जातो. दुर्बीण बाहेर ठेवून चहा करायला जाणार असाल तर टोपण लावूनच जा.

ग्रह बघायला शहराबाहेर जावंच लागतं, हा गैरसमज. तेजोमेघांसाठी (अंतराळातल्या वायू-धुळीच्या ढगांसाठी) अंधार हवा, पण गुरू, शनी, शुक्र पुण्या-मुंबईच्या दिव्यांतही छान दिसतात. त्रास होतो तो उष्णतेचा. दिवसभर तापलेला स्लॅब रात्री दहापर्यंत वाफा सोडत असतो आणि पाण्याखालचं नाणं हलावं तशी प्रतिमा हलते. शक्य असेल तर अंगणात, मातीवर उभे राहा. गच्चीच असेल तर उशिरा किंवा पहाटे बघा. दुर्बीण अर्धा तास आधी बाहेर काढून गार होऊ द्या. खिडकीच्या काचेतून बघणं तर सोडूनच द्या.

मंगळावर लोक सगळ्यात जास्त चिडतात. 2003 च्या ऑगस्टमध्ये तो खूप जवळ, सुमारे 5.6 कोटी किलोमीटरवर आला होता. तेव्हाचा "मंगळ चंद्राएवढा दिसणार" हा मेसेज अजून दर ऑगस्टला फिरतो. तेव्हाही त्याचा दृश्य व्यास चंद्राच्या सत्तराव्या भागाएवढाच होता. पृथ्वीच्या जवळ तो साधारण 26 महिन्यांनी एकदा येतो, एरवी नारिंगी टिकलीच दिसणार.

शुक्र कोरीसारखा दिसला तर दुर्बीण चंद्राकडे वळली असं समजू नका, त्यालाही कला असतात. तो मावळतीला संध्याप्रकाशातच बघा, अंधारात डोळे दिपतात. मध्यरात्री तो आपल्या आकाशात नसतोच.

आणि शनी. 2025 च्या मार्चमध्ये पृथ्वी त्याच्या कड्यांच्या पातळीतून गेली, म्हणून त्या सुमारास पाहणाऱ्यांना कडं म्हणजे जेमतेम एक रेघ दिसली. काहींनी तेवढ्यावरून दुर्बीण विकायला काढली. कडी आता वर्षागणिक उघडत जातील. 36 पटीतही ती वेगळी कळतात. माझ्याकडे दुसऱ्या खेपेला तेच शेजारी आले. शनी पाहून एक आजी गुपचूप पुढे गेल्या आणि नळीच्या तोंडाशी चित्र चिकटवलंय का, ते वाकून बघून आल्या.