सीटपोस्ट घसरतोय? आधी पाना खाली ठेवा

जुन्या अ‍ॅल्युमिनियम सायकल फ्रेमवर सीट (म्हणजे ती धरणारा दांडा, सीटपोस्ट) हळूहळू खाली बसायला लागली की बहुतेक जण एकच गोष्ट करतात: एलन की (षटकोनी किल्ली) काढतात आणि फ्रेमच्या तोंडाशी पोस्ट धरणाऱ्या क्लॅम्पचा बोल्ट आवळतात. परत घसरली की परत आवळतात. शेवटी जोर वाढवायला किल्लीला पाइप लावतात.

पाइप मीही लावलाय. चिकटवलेल्या सांध्यांची जुनी फ्रेम होती, आणि मला फिरायला जायची घाई. तिसऱ्यांदा आवळताना बारीक ‘टक्’ झालं. बघतो तर फ्रेमच्या तोंडाला आवळण्यासाठी असते त्या फटीच्या तळापासून केसाएवढी चीर गेलेली. मग पोस्ट बाहेर काढून त्यावर ठोकलेला आकडा वाचला: २६.८ मिलिमीटर. फ्रेमचं भोक २७.२ चं! आधीच्या मालकाने मिळेल तो पोस्ट कोंबला होता आणि मी तो न मोजता आवळत बसलो होतो. वेल्डिंग करावं तर उष्णतेने शेजारच्या सांध्यातला गोंदच जाणार. ती फ्रेम आता खिळ्यावर टांगलेली आहे.

म्हणून आधी फटीकडे बघा. क्लॅम्पचे दोन्ही कान एकमेकांना टेकले असतील, तर पुढचा सगळा जोर कान वाकवण्यात जातो, पोस्टवर पकड येतच नाही. व्हर्नियरने (व्यास मोजायच्या सरकत्या मापपट्टीने) पोस्ट मोजा. फ्रेमचं भोकही मोजा, पण फटीच्या खाली, कारण वरचा भाग दबलेला असतो. हे पोस्ट ०.२ मिलिमीटरच्या फरकाने मिळतात, त्यामुळे ‘जवळपास बसतो’ याला काही अर्थ नाही. शिवाय जुनं म्हणजे २७.२ असंही धरून चालू नका. व्हिटस ९७९ या जुन्या फ्रेमला २५.० लागतो.

डब्याच्या पत्र्याची शिम (पोस्टभोवती गुंडाळायची पातळ पट्टी)? पत्रा साधारण ०.१ मिलिमीटरचा, म्हणजे व्यास ०.२ ने वाढतो. घरी पोचण्यापुरतं ठीक. त्यावर वर्ष काढणाऱ्यांशी मी वाद घालत नाही, त्यांची सायकलही दुरुस्त करत नाही.

पोस्टला सँडपेपर मारू नका, तो आणखी बारीक होतो. पोस्टवरची किमान खोलीची खूण बाहेर दिसेल इतका पोस्ट वर ओढू नका. बोल्टचे आटे गेले असतील तर बोल्ट बदला, दहा मिनिटांचं काम आहे.

‘ग्रीसमुळेच घसरतो’ म्हणून पोस्ट कोरडा बसवणारे वेगळेच. वर्षभराने पांढरी भुकटी धरून तो असा जाम होतो की घसरण्याची तक्रार कायमची मिटते! मी सगळं ग्रीस पुसून कार्बन फायबरच्या भागांसाठीची खरखरीत पेस्ट लावतो. नाव कार्बनचं असलं तरी अ‍ॅल्युमिनियमवरही ती पकड देते, आणि बोल्ट कमी आवळून भागतं. तरी दर सहा महिन्यांनी पोस्ट काढून पुसतोच.

बसवल्यावर क्लॅम्पच्या अगदी वर पोस्टला इन्सुलेशन टेपचा एक वेढा द्या आणि वीसेक किलोमीटर फिरून या. टेप चुरगळून वर सरकली असेल तर पोस्ट अजून घसरतोय. टेप जागच्या जागी आणि तरी सीट खाली वाटतेय? मग सीटचं नाक झुकलंय, सीट धरणारा वरचा क्लॅम्प बघा.