सीडी रायटर बदलला तेव्हा आजीच्या ओव्या टिकल्या

२००३ ची गोष्ट, आजीच्या जात्यावरच्या ओव्या कॅसेटवर होत्या, टेप अडकायला लागली म्हणून कॉम्प्युटरवर घेऊन सीडी करायला बसलो तर जुना सेकंडहँड रायटर निम्म्यात एरर द्यायचा आणि कोरी सीडी वाया, अशा सात गेल्या. कारण नंतर कळलं, बर्न सुरू झालं की डेटा सलग लागतो, हार्डडिस्ककडून यायला जरा उशीर झाला की बफर (रायटरमधली डेटा साठवायची तात्पुरती मेमरी) रिकामा आणि सीडी गेली.

मग मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात नवीन घेताना ५२ एक्सच्या वेगामागे लागलो नाही, बफर अंडररन प्रोटेक्शन (बफर रिकामा झाला तर बर्न थांबवून तिथूनच पुढे सुरू करायची सोय) आहे का आणि बफर २ एमबी आहे का एवढंच विचारलं. घरी येऊन रायटरच्या मागचा जंपर (पिनांवरची छोटी टोपी) मास्टरवर, म्हणजे केबलवरचा मुख्य ड्राइव्ह म्हणून ठेवला, हार्डडिस्कपासून वेगळ्या आयडीई केबलवर (ड्राइव्ह मदरबोर्डला जोडायची तेव्हाची चपटी केबल) जोडला, आणि विंडोजमध्ये त्या चॅनलला पीआयओ (डेटा प्रोसेसरमधून जातो, म्हणून हळू) दिसत होतं ते डीएमए (डेटा थेट मेमरीत) केलं, खरा फरक इथंच पडला. ऑडिओ सीडी मी १६ एक्सवरच करायचो, ८० मिनिटांची पाच-सहा मिनिटांत व्हायची, अजून काय पाहिजे.

पहिलीच सीडी काकूच्या जुन्या प्लेअरवर लावली तर आजीच्या आवाजामागे जात्याची घरघरसुद्धा स्वच्छ ऐकू आली.