'पेड इन फुल'मधले सॅम्पल कसे पकडायचे
एरिक बी आणि राकिम, न्यूयॉर्कची हिप-हॉप जोडी (राकिम रॅपर), 'पेड इन फुल' हा त्यांचा १९८७ चा पहिला अल्बम. सॅम्पल म्हणजे जुन्या गाण्यातून उचलून नव्या गाण्यात वापरलेला तुकडा. हेडफोन लावाच, मोबाईलच्या स्पीकरवर बेस ऐकूच येत नाही. आधी टायटल ट्रॅक लावा आणि राकिमकडे चक्क दुर्लक्ष करा (जमत नाही, माहितीये) फक्त खालची बेसलाइन गुणगुणत रहा, पाठ झाली की डेनिस एडवर्ड्सचं १९८४ चं 'डोन्ट लुक एनी फर्दर' लावा, लगेच सापडेल बघा. ड्रम्स मात्र दुसरीकडचे, सोल सर्चर्सच्या 'अ‍ॅश्लीज रोचक्लिप'मधले, आणि तो ब्रेक (म्हणजे ड्रम्सचा तुकडा) गाणं बरंच पुढे गेल्यावर येतो तेव्हा मध्येच बंद करू नका. याच अल्बममधल्या 'आय नो यू गॉट सोल'ला डोकं लावायची गरजच नाही, बॉबी बर्डच्या मूळ गाण्याचं नावही तेच.