कुळकायदा आणि मतदान: आपल्या तालुक्यातील संबंध कसा अभ्यासावा

जमीन सुधारणेमुळे, म्हणजे दुसऱ्याची जमीन कसणाऱ्या कुळाला ती मालकीने देणाऱ्या कुळकायद्यासारख्या उपायांमुळे, ग्रामीण मतदाराचा कल बदलतो, असे म्हणणे सोपे आहे. तो आपल्या तालुक्यात खरोखर बदलला का, हे पाहायचे असेल, तर निवडणुकीच्या आकड्यांआधी तलाठी दप्तर उघडावे.

प्रथम कायदा नक्की करावा. पश्चिम महाराष्ट्र आणि कोकणात १९४८ च्या कुळवहिवाट कायद्यानुसार १ एप्रिल १९५७ या कृषक दिनी कुळे जमिनीची मालक मानली गेली. मराठवाड्यात १९५० चा हैदराबादचा, तर विदर्भात १९५८ चा स्वतंत्र कायदा होता, म्हणून एकच तारीख राज्यभर लावू नये.

त्यानंतर गाव नमुना सहामधील त्या काळचे फेरफार, म्हणजे जमिनीच्या हक्कांतील बदलांच्या नोंदी, वाचावेत. १९४८ च्या कायद्यातील कलम ३२ग प्रमाणे खरेदी किंमत ठरून पुढे ३२म चे खरेदी प्रमाणपत्र मिळाल्याची नोंद असेल, तर मालकी पक्की झाली असे धरावे. कुळाचे नाव सातबाराच्या ‘इतर हक्क’ रकान्यातच राहिले असेल, तर काम अर्धवट राहिले. कुळाने ‘स्वखुशीने’ ताबा सोडल्याच्या नोंदी मात्र सर्वांत बारकाईने पाहाव्यात, कारण त्या खुशीमागे अनेकदा जमीनदाराचा दबाव असे. मालक झालेले कूळ, जमीन गमावलेले कूळ आणि कधीच कूळ नसलेला शेतमजूर यांना ‘ग्रामीण मतदार’ या एकाच नावाखाली मोजणे हा त्यांच्यावर अन्याय आहे, आणि अभ्यासही त्यामुळे फसतो.

कायदा करणाऱ्या पक्षालाच श्रेय मिळते, हेही गृहीत धरू नये. १९४८ चा कुळकायदा काँग्रेस सरकारने केला. परंतु अलिबाग तालुक्यात चरी परिसरातील कुळांनी १९३३ पासून सुमारे सहा वर्षे खोतांविरुद्ध, म्हणजे कोकणातील जमीनदारांविरुद्ध, संप केला, शेतकरी नेते नारायण नागू पाटील यांनी त्याचे नेतृत्व केले, डॉ. आंबेडकरांनी पाठिंबा दिला, आणि पुढे हाच भाग अनेक दशके शेतकरी कामगार पक्षाचा बालेकिल्ला राहिला. कायदा कोणी केला यापेक्षा खोतासमोर आपल्या बाजूने कोण उभे राहिले, हे तेथे अधिक मोलाचे ठरले असावे, असे मला वाटते.

आता निवडणूक आयोगाच्या नमुना २० या निकालपत्रकातील मतदान केंद्रनिहाय निकाल गावांशी जुळवावेत. २००८ च्या मतदारसंघ पुनर्रचनेपूर्वीचे आणि नंतरचे आकडे एकत्र करू नयेत. जातीचा प्रभाव वेगळा काढण्यासाठी सामाजिक रचना सारखी, पण ३२म प्रमाणपत्रांचे प्रमाण वेगळे, अशी शेजारची गावे निवडावीत.

वृद्धांना ‘मत कोणाला दिले?’ असे विचारण्याऐवजी ‘जमीन नावावर करताना तहसिलीत तुमच्याबरोबर कोण आले होते?’ असे विचारावे. नातवंडांच्या मुलाखती वेगळ्या घ्याव्यात. पेण तालुक्यात २००८ साली महामुंबई सेझबाबत (विशेष आर्थिक क्षेत्राबाबत) शेतकऱ्यांचा कौल घेण्यात आला, तेव्हा प्रश्न जमीन मिळण्याचा नव्हता. मिळालेली जमीन संपादनातून वाचवण्याचा होता, आणि या पिढीची पक्षनिष्ठा त्या प्रश्नाच्या आधारे तपासावी लागते.