टाचणी ओळखायची तर शेपटीचं टोक बघा

बसल्यावर पंख विमानासारखे पसरतो तो चतुर, पाठीवर मिटते ती टाचणी, चतुराचीच बारीक अंगाची बहीण. लेस्टिस गटातल्या टाचण्या मात्र पंख अर्धे उघडे ठेवून फसवतात. तेव्हा डोळे बघा. टाचणीचे डोळे डोक्याच्या दोन टोकांना असतात, मध्ये चांगलं अंतर असतं.

आमच्या माडांच्या बागेखालचा व्हाळ, म्हणजे ओढा, भातमळ्याला मिळतो, तिथे मी सप्टेंबरात, पाऊस उघडला की सकाळी आठला पाट घेऊन बसते. पायात बूट हवेतच, कोकणात फुरशाशी गाठ आहे. उभं राहून शोधू नका. सावली पडली की टाचणी उडाली. बसून राहिलात तर बऱ्याचदा ती त्याच पातीवर परत येते.

रंगावर भरवसा ठेवू नका. मी एक अख्खा मोसम एका नारिंगी टाचणीला वेगळी जात समजून वहीत लिहीत होते. ती निघाली इस्कनुरा सेनेगलेन्सिस या जातीची कोवळी मादी! वय वाढलं की तीच मातकट हिरवी होते. पानंच्या पानं खोडावी लागली.

तेव्हापासून मी शेपटी मोजते. शेपटी म्हणतो ते खरं तर पोट, त्याचे 10 खंड. मागून मोजायचे, कारण शेवटचे खंड आखूड असतात आणि खूण बहुधा तिथेच असते. सेनेगलेन्सिसच्या नराची पाठ काळी, पण आठवा खंड निळा, जणू दिवा लावलाय. इस्कनुरा अरोराचा नर त्याहून चिमुकला, पोट पिवळं-नारिंगी आणि टोकाला निळं. पोट नुसतंच पिवळंधमक, काळ्याचा मागमूस नाही, तर तो सेरिअ‍ॅग्रिऑन कोरोमँडेलिअ‍ॅनमचा नर.

फोटो नेहमी बाजूने घ्या, टाचणीला समांतर. वरून काढला तर छातीवरचे पट्टे दिसत नाहीत आणि ओळख अडते. जाळी नको, पंख फाटतात.

दहाच्या सुमारास या पिवळ्याधमक कोरोमँडेलिअ‍ॅनमच्या जोड्या पाण्यावर येतात. मादी पाणवनस्पतीच्या देठाला चिकटून पोट वाकवते, देठात अंडी घालते. नर शेपटीच्या चिमट्याने तिची मान धरून वर सरळ उभा, खांबासारखा. तेवढा वेळ मी पाय झोपला तरी हलत नाही.