जुना डिरेलर आणि क्लिकवाला शिफ्टर

जुन्या बाजारात सायकलचा एखादा सनटूर कंपनीचा डिरेलर (चेन एका चकतीवरून दुसरीवर नेणारा मागचा भाग) हाती लागतो, त्याला क्लिकवाला शिफ्टर (गिअर बदलायची कळ) जोडला जातो, चेन मागच्या चाकाच्या दोन दातेरी चकत्यांच्या मधोमध कुरकुरत बसते आणि शिव्या मात्र डिरेलरला. त्याचा काय दोष? क्लिक नसलेला फ्रिक्शन लिव्हर कुठे थांबवायचा ते पूर्वी बोटं आणि कान ठरवायचे. 1984 मध्ये शिमानोने एसआयएस, म्हणजे क्लिकने गिअर बदलणारी पद्धत (इंडेक्सिंग), आणलं आणि ते काम शिफ्टरकडे गेलं. म्हणजे आता गणित जुळायला हवं, ब्रँड नव्हे.

गणित असं: एका क्लिकला ओढली जाणारी केबल गुणिले डिरेलरची पट (केबलच्या किती पट डिरेलर सरकतो ते), बरोबर दोन चकत्यांमधलं अंतर. शिमानोच्या सेव्हन स्पीडमध्ये (मागे सात चकत्या) 2.9 मिमी गुणिले 1.7, म्हणजे साधारण 5 मिमी. बसलं.

तुमच्या डिरेलरची पट स्वतः मोजा. चेन काढा, डिरेलरची हालचाल अडवणारे दोन्ही लिमिट स्क्रू सैल करा. आऊटरमधून (केबलवरच्या नळीतून) केबल बाहेर येते तिथे मार्करने खूण करा आणि केबल बरोबर 10 मिमी ओढा. डिरेलरची वरची पुली (चेन फिरवणारं छोटं चाक) किती सरकली ते अ‍ॅक्सलला समांतर धरलेल्या पट्टीवर वाचा. 20 मिमी सरकली तर पट 2. हे मधल्या आणि टोकाच्या चकत्यांपाशी वेगवेगळं मोजा. जुने डिरेलर सगळीकडे सारखे हलत नाहीत.

पट 2 आली तर प्रत्येक क्लिकला 5.8 मिमी. सहा क्लिकमध्ये जवळजवळ अख्ख्या चकतीची चूक! केबलचा ताण बदलणारा बॅरल अ‍ॅडजस्टर कितीही फिरवा, ही चूक जात नाही, कारण तो फक्त सुरुवात सरकवतो. इलाज डिरेलरवर केबल धरणाऱ्या बोल्टपाशी आहे. केबल बोल्टच्या दुसऱ्या बाजूने, पिव्हटपासून (डिरेलरच्या सांध्यापासून) थोडी लांब दाबून बघा. पिव्हट ते केबल हे अंतर वाढलं की पट कमी होते. काही डिरेलरवर त्यासाठी जागाच नसते. तिथे सिक्स स्पीड फ्रीव्हील (मागच्या सहा चकत्यांचा संच) लावून बघा. त्यातलं अंतर साधारण 5.5 मिमी असतं, म्हणजे 2.9 मिमीच्या शिफ्टरला 1.9 ची पटसुद्धा चालते.

पण या सगळ्याआधी आऊटर बदला. ब्रेकचा आऊटर गिअरला लावून ‘इंडेक्सिंग बसत नाही’ म्हणणाऱ्यांशी मी वाद घालत नाही. तो दाबला जातो, वळणावर लांबी बदलते. गिअरचा वेगळा मिळतो, तोच घ्या. हँगर (फ्रेमवर डिरेलर जिथे बसतो तो भाग) वाकडा असेल तर सरळ करून घ्या. मग डिरेलरचा पिंजरा धरून आडवा हलवा: पिव्हट खिळखिळे असतील तर तो शोकेसमध्ये ठेवा, छान दिसतो. वरची पुली चकत्यांच्या जितकी जवळ नेता येईल तितकी न्या आणि जमल्यास आडवी थोडी सरकणारी शिमानोची पुली बसवा. राहिलेली बारीक चूक ती पोटात घालते.

स्टँडवर सगळंच छान चालतं. पुण्यातल्या चांदणी चौकाच्या चढावर, पेडलवर जोर असताना गिअर टाकून बघा. तिथेही अडलं, तर बऱ्याच जुन्या एसआयएस लिव्हरवर फ्रिक्शनची सोय असतेच. लिव्हरची रिंग फिरवा.